सकाळी नसणारा आजार

गेली बावीस वर्षे मी मुद्रितशोधनाचे काम करते. पुण्याचे दोन-तीन प्रकाशक साताऱ्याला माझ्याकडे प्रुफे पाठवतात, मी ती तपासून परत करते. त्यात फारसे सांगण्यासारखे काही नाही. २०१६ च्या जूनमध्ये एका संध्याकाळी एका चरित्रग्रंथाची प्रुफे वाचत असताना एक ओळ दोनदा पडलेली दिसली. अशी चूक होत असते. मी समासात खूण केली आणि पुढे गेले. पान उलटले तर आणखी दोन ओळी दुबार. त्यापुढच्या पानावर सगळाच मजकूर दुबार होता आणि प्रत्येक ओळीची दुसरी प्रत पहिलीच्या किंचित वर, तिरकी तरंगत होती. तेव्हा कुठे लक्षात आले की चूक कागदावर नाही. डोळ्यांवर तळहात दाबून थोडा वेळ बसले, मग दिवा मालवून झोपले. सकाळी उठून पाहिले तर मजकूर स्वच्छ, एकेरी. समासातल्या माझ्या खुणा तेवढ्या राहिल्या होत्या. त्या खोडरबराने पुसल्या आणि ही गोष्ट कोणाला सांगितली नाही.

त्या खुणांपासून निदानापर्यंत अकरा महिने गेले. माझी रडकथा सांगावी एवढाच हेतू असता तर ती घरच्यांपुरती ठेवली असती. पण निदान झाल्यावर मी या आजाराबद्दल मिळेल ते वाचत गेले, समजले नाही ते ओळखीच्या डॉक्टरांना विचारत गेले, आणि एक गोष्ट ठळक होत गेली. माझ्या डॉक्टरांना जे दिसले नाही, त्याचा दोष त्यांच्याकडे थोडा होता. मोठा वाटा आजाराच्या स्वभावाचा होता. हा आजार दिवस कलतो तसा वाढतो आणि विश्रांती मिळाली की मावळतो. तपासणीच्या खोलीत डॉक्टरांच्या वाट्याला दहा मिनिटे येतात, आणि त्या दहा मिनिटांत तो बहुधा घरी गेलेला असतो. गेल्या साडेतीनशे वर्षांत ज्यांनी ज्यांनी तो ओळखला, त्यांनी कोणत्या ना कोणत्या युक्तीने त्या खोलीत संध्याकाळ आणली, असे मला वाटते.

ऑगस्टपर्यंत माझ्या तक्रारींना एक ठरावीक चाल आली. सकाळी सगळे ठीक. दुपारचे जेवण झाले, तासभर वाचन झाले की अक्षरे फुटायला लागत. संध्याकाळी देवघरात एका निरांजनाच्या दोन ज्योती दिसत, टीव्हीवर बातम्या देणाऱ्या मुलीचे दोन चेहरे. डावी पापणी हळूहळू खाली येई, आणि मी कपाळ आक्रसून, हनुवटी वर करून बघत असे. हे मला ठाऊक नव्हते, आमच्या ह्यांनी सांगितले. "झोप आली असेल तर झोप ना," ते म्हणत. झोप आलेली नसे. गणपतीत पुण्याहून परतताना रात्री खंबाटकीच्या घाटात पुढच्या ट्रकचे दोन तांबडे दिवे चार झाले. गाडी हे चालवत होते म्हणून बरे.

इथे एक साधी गोष्ट सांगून ठेवते, कारण ती मला पहिले कित्येक महिने कोणी करून पाहायला सांगितली नाही. दोन-दोन दिसत असेल तर एक डोळा हाताने झाकून पाहावे, मग दुसरा. कोणताही एक डोळा झाकल्यावर जादा प्रतिमा नाहीशी झाली, तर प्रत्येक डोळा आपापल्या जागी ठीक आहे, बिघाड दोघांच्या जुळणीत आहे. मग संशय डोळा फिरवणाऱ्या सहा स्नायूंवर, त्यांना चालवणाऱ्या तीन मज्जातंतूंवर किंवा मेंदूच्या देठावर जातो. एकच डोळा उघडा असतानाही दोन दिसत असतील तर कारण बहुतेक वेळा त्याच डोळ्यात सापडते. मोतीबिंदू असेल, कोरडेपणा असेल. आणि दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. दोन दिसणे एकाएकी सुरू झाले, पापणी पडली, त्याच डोळ्याची बाहुली मोठी झाली आणि डोके ठणकू लागले, तर सकाळची वाट न बघता त्याच तासाला मोठे रुग्णालय गाठायचे असते. मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा मज्जातंतूवर दाबत असण्याची शक्यता असते.

माझे तसे नव्हते. त्यामुळे सगळे सावकाश चालले. गावातल्या नेत्रतज्ज्ञांनी चष्म्याचा नंबर बदलून दिला. नव्या चष्म्यातून दोन ओळी अधिक स्पष्ट दिसू लागल्या. दुसऱ्यांनी डोळे कोरडे आहेत म्हणून थेंब दिले. फॅमिली डॉक्टरांनी साखर तपासली, थायरॉइड तपासले, बी-१२ ची इंजेक्शने दिली. पुण्याच्या एका मेंदूविकारतज्ज्ञांनी मेंदूचा एमआरआय सांगितला, आणि तो सांगणे बरोबरच होते. गाठ, पक्षाघात, मज्जातंतूंचे आवरण झिजवणारे आजार हे सगळे आधी बाजूला काढावे लागतात. एमआरआय स्वच्छ आला. घरी पेढे वाटायचे तेवढे राहिले होते. मी मात्र त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात दोन-दोन कढया बघत उभी होते, आणि आता डॉक्टरांना काय सांगायचे ते मला सुचेना.

पुढच्या भेटीत त्यांनी फाईल मिटली आणि विचारले, "मुलं परदेशात असतात का?" मुलगा कोथरूडला असतो, आणि दर रविवारी फोन करून पैसे मागतो, असे मी सांगितले. तरी कागदावर ताणतणाव असे लिहिले गेले आणि झोपेची अर्धी गोळी मिळाली. माझे वय तेव्हा त्रेपन्न होते. पाळी जातानाचे वय, घरात दोघेच, काम एकट्याने बसून करण्याचे: सगळे पुरावे माझ्या विरुद्ध होते. नणंदेने दृष्ट काढली. शेजारच्या वहिनींनी नेत्रतर्पण करणाऱ्या एका वैद्यांकडे नेले. तिथे पंधरा-वीस मिनिटे डोळे मिटून पडायला मिळे आणि उठल्यावर मला खरोखर बरे वाटे. तेव्हा ते तुपाचे श्रेय वाटले होते.

नंतर विचार केला तेव्हा कळले, की डॉक्टरांकडे जाण्याची माझी सगळी पद्धतच आजार लपवणारी होती. वेळ सकाळची घ्यायची, कारण दुपारनंतर मला प्रवास नको वाटे. साताऱ्याहून पुण्याला सुमारे एकशे दहा किलोमीटर, तेवढा वेळ गाडीत डोळे मिटून बसायचे. मग प्रतीक्षाकक्षात भिंतीला डोके टेकून आणखी तास-दीड तास डोळे मिटायचे. नाव पुकारले की ताजीतवानी होऊन आत जायचे. आत गेल्यावर डॉक्टर बोटाकडे बघायला सांगत, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे; प्रत्येक दिशेला दोन सेकंद. सगळे उत्तम.

फेब्रुवारीत एक वेगळा प्रसंग झाला. लघवीच्या संसर्गासाठी एका डॉक्टरांनी मला सिप्रोफ्लॉक्सॅसिन दिले, जे घरोघरी दिले जाते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चहाचा घोट घेतला आणि तो नाकातून बाहेर आला. रात्री पोळी चावता चावता जबडा थकला, हनुवटीखाली हात देऊन घास संपवावा लागला. बहिणीने फोनवर विचारले, "सर्दी झालीय का गं?" आवाज नाकात गेला होता. त्या रात्री मी उशांना टेकून बसून काढली, कारण आडवे झाले की घशाशी काहीतरी अडकेल असे वाटे. गोळ्यांचा कोर्स संपला, आठवड्याभरात गिळणे सुधारले, आणि या दोन गोष्टींची सांगड कोणी घातली नाही. मीही नाही. आज ते आठवले की पोटात गोळा येतो. हे औषध या आजारात स्नायूंचे बळ आणखी खचवू शकते, आणि ते श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचले तर माणसाला कृत्रिम श्वासावर ठेवावे लागते.

उलगडा झाला तो लग्नाच्या अल्बममुळे. मे २०१७ मध्ये भाचीचे लग्न होते. फोटोग्राफरने रिसेप्शनला मला तीनदा सांगितले होते, "काकू, डोळे उघडा." आठ-दहा दिवसांनी भाची मोबाइल घेऊन आली. "आत्या, हे बघ. हळदीच्या फोटोत तुझे दोन्ही डोळे सारखे आहेत. जेवणाच्या पंगतीत डावा थोडा बारीक. आणि रात्रीच्या फोटोत तो अर्धा मिटलाय." मोबाइलमधल्या प्रत्येक फोटोखाली वेळ होती: नऊ वाजून दहा, दीड, आठ पस्तीस. तिने ते तीन फोटो शेजारी शेजारी लावले होते. एमआरआयच्या यंत्राला जे दाखवता आले नाही ते एवढ्यात दिसत होते.

ते फोटो घेऊन आम्ही पुण्यातल्या एका वयस्कर नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. त्यांची दिवसाची वेळ मिळाली नाही म्हणून संध्याकाळी सातची घेतली. हा निव्वळ योगायोग. त्यांनी फोटो पाहिले आणि मला छताच्या पंख्याकडे बघत राहायला सांगितले, मान न उचलता, आणि स्वतः मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसले. अर्ध्या मिनिटानंतर डावी पापणी उतरू लागली. दीड मिनिटाला बाहुली झाकली गेली. मग त्यांनी मदतनीसाला सांगून फ्रीजमधला बर्फ रबरी हातमोज्यात भरून आणवला, मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटे धरायला लावला, आणि लगेच पट्टीने मोजले. पापणी चार मिलिमीटर वर गेली होती. "हे मनाचं नाही, बाई," ते म्हणाले, "स्नायूंचं आहे." मला रडू आले, ते त्यांनी अगदी सवयीने दुर्लक्षिले आणि चिठ्ठी लिहायला घेतली. चिठ्ठीवर मायस्थेनिया ग्रॅव्हिस असे लिहिले होते. घरी फोन केला तर दीर म्हणाले, "म्हणजे बच्चनला झाला होता तो!" खरे आहे, 'कुली'च्या अपघातानंतर काही काळाने अमिताभ बच्चन यांना हाच आजार असल्याचे निदान झाले होते, आणि आपल्याकडे अनेकांनी हे नाव तेव्हाच पहिल्यांदा ऐकले.

नाव मिळाल्यावर वाचन सुरू झाले. या आजाराचे पहिले ओळखू येणारे वर्णन बहुतेक अभ्यासक टॉमस विलिस या इंग्रज वैद्याकडे नेतात. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचे जे वर्तुळ आहे त्याला आजही त्याचे नाव आहे. १६७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या लॅटिन ग्रंथात अशा रुग्णांचा उल्लेख येतो, जे सकाळी हातपाय व्यवस्थित हलवतात आणि दुपार व्हायच्या आत थकून पडतात. एक बाई तर अशी, की ती सुरुवातीला छान बोले. फार वेळ किंवा घाईने बोलली की तिची वाचा बंद होई, आणि तास-दोन तासांनी परत येई. विलिसकडे ना यंत्र होते ना रक्ताची चाचणी. त्याने त्या बाईचे म्हणणे पूर्ण ऐकून घेतले असले पाहिजे, आणि ते बंद पडेपर्यंत ऐकले असले पाहिजे. त्याचा खुलासाही गमतीचा आहे: शरीरातला चैतन्याचा साठा खर्चून जातो, असे त्याला वाटे. साठा या शब्दापर्यंत तो बरोबर पोचला होता.

त्यानंतर दोनशे वर्षे फारशी हालचाल दिसत नाही. १८७९ मध्ये जर्मनीत विल्हेल्म एर्ब आणि १८९३ मध्ये वॉर्सात सॅम्युएल गोल्डफ्लाम यांनी रुग्णांची तपशीलवार वर्णने केली. मग बर्लिनच्या फ्रीडरिख योलीने १८९५ मध्ये एक युक्ती केली. रुग्णाच्या स्नायूला त्याने विजेचे झटके पुन्हा पुन्हा दिले. पहिल्या झटक्यांना स्नायू जोरात आकसला, पुढे पुढे क्षीण होत गेला, थांबल्यावर परत सावरला. म्हणजे रुग्णाच्या इच्छेचा, मनाचा इथे काही संबंधच नव्हता. वीज कोणाच्या मनाला विचारत नाही. आजाराला आजचे नाव योलीचेच, फक्त त्याने त्याला आणखी एक शेपूट जोडले होते: स्यूडोपॅरालिटिका, म्हणजे खोट्या लकव्याचा. मज्जातंतूत किंवा मेंदूत कुठे इजा सापडत नव्हती म्हणून खोटा. ते शेपूट पुढे गळून पडले हे बरे झाले. ताणतणाव लिहिलेला माझा कागद अजून फाईलमध्ये आहे. योलीच्या त्या शब्दाशी त्याचे नाते मला जवळचे वाटते.

स्नायू थकतो म्हणजे काय होते, ते आता बरेच नीट माहीत आहे. मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामध्ये अगदी अरुंद फट असते. मज्जातंतूच्या टोकाकडून ॲसिटिलकोलिन नावाचे रसायन त्या फटीत सुटते, पलीकडे स्नायूवर त्याला झेलणारे ग्राही असतात, आणि ते पुरेसे भरले की स्नायू आकसतो. काम झाले की कोलिनेस्टरेज हे विकर त्या रसायनाचे तुकडे करून फट मोकळी करते. संदेश लागोपाठ येत राहिले तर दर खेपेला सुटणारे रसायन थोडे थोडे कमी होते. हे निरोगी माणसातही होते, पण ग्राही इतके मुबलक असतात की ती घट जाणवत नाही. मायस्थेनियात शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच ग्राहींविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ग्राही घटतात आणि हाताशी शिल्लक राहत नाही. मग महिन्याच्या पगारावर चालणाऱ्या घरासारखी गत होते: पाच तारखेला कोणाला काही कळत नाही, पंचवीस तारखेला किराणावाला दारात उभा असतो. डोळ्यांना याचा फटका आधी बसतो. पापणी उचलून धरणारा स्नायू आपण जागे असेपर्यंत कामावर असतो, आणि डोळा फिरवणाऱ्या स्नायूंना फार जलद संदेश येतात. निम्म्याहून अधिक रुग्णांत सुरुवात पापणीने किंवा दोन दिसण्याने होते. बाहुलीचे स्नायू वेगळ्या प्रकारच्या ग्राहींवर चालतात, म्हणून ती या आजारात बिघडत नाही. आणि बर्फाचे इंगित असे, की थंडीत ते विकर मंदावते, रसायन फटीत जास्त वेळ टिकते आणि पापणीला थोडी उसनवारी मिळते.

उपचाराची कथा मला सर्वांत आवडते. १९३४ मध्ये लंडनच्या ग्रीनिच भागातल्या सेंट आल्फेज रुग्णालयात मेरी वॉकर नावाची डॉक्टर काम करत होती. रुग्णालय गरिबांचे, हुद्दा साधा. बाईला मोठ्या रुग्णालयात सल्लागार म्हणून जागा मिळणे तेव्हा दुरापास्त होते. डेरेक डेनी-ब्राउन हे मेंदूविकारतज्ज्ञ तिथे भेटीला येत. हा आजार कुरारेच्या विषबाधेसारखा दिसतो, अशा अर्थाचे ते बोलून गेले. कुरारे म्हणजे दक्षिण अमेरिकेतले शिकारी बाणांना लावतात ते विष. त्याने स्नायू लुळे पडतात. वॉकरबाईंनी विचार केला, कुरारेवरचा उतारा इथेही चालवून पाहावा. तो उतारा होता फायसोस्टिग्मिन, पश्चिम आफ्रिकेतल्या कॅलाबार नावाच्या शेंगेच्या बीतून काढलेला, आणि त्याचे काम नेमके तेच विकर अडवण्याचे. इंजेक्शननंतर तासाभराच्या आत रुग्णाची पापणी वर आली, गिळणे सुधारले; काही तासांनी असर ओसरला आणि पापणी पुन्हा उतरली. त्यांनी 'लॅन्सेट'ला एक छोटे पत्र लिहून हे कळवले. पुढच्याच वर्षी त्यांनी निओस्टिग्मिन वापरून पाहिले, ते अधिक सोयीचे निघाले. मी आज घेते ती पायरिडोस्टिग्मिनची गोळी त्याच घराण्यातली. मात्र आजार मुळात का होतो, ते तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

ते कळण्यात एका सापाचा वाटा आहे, आणि हे वाचताना मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले. माझे माहेर जावळी तालुक्यातले. मी आठ-नऊ वर्षांची असताना आमच्याकडचे गडी धोंडीकाका पडवीत जमिनीवर झोपले होते. सकाळी उठेनात. आजी म्हणाली, "काल लावणीनं दमलाय, झोपू दे." दिवस वर आला तेव्हा ते जागे असल्याचे कळले, त्यांना ऐकू येत होते, पण पापण्या उघडत नव्हत्या. थोड्या वेळाने बोलता येईना. अंगावर दंशाची खूणही कोणाला धड दिसली नाही. मण्यारीचा दंश असाच असतो. तो रात्री झोपेत होतो, फारसा दुखत नाही, आणि पहिल्यांदा पापण्या उतरतात. बैलगाडीतून मेढ्याला नेईपर्यंत त्यांचा श्वास थांबला.

मण्यारीच्या तैवानमधल्या भावंडाच्या विषातून १९६३ मध्ये तैपेई इथल्या चांग आणि ली या दोन संशोधकांनी एक द्रव्य वेगळे केले, अल्फा-बंगारोटॉक्सिन. ते स्नायूवरच्या त्या ग्राहींना असे घट्ट चिकटते की सुटत नाही. म्हणजे त्याला किरणोत्सारी खूण लावली की ग्राही चक्क मोजता येतात. १९७३ मध्ये अमेरिकेत फॅमब्रो, ड्रॅकमन आणि सत्यमूर्ती यांनी मायस्थेनियाच्या रुग्णांच्या स्नायूंचे तुकडे घेऊन तशी मोजदाद केली; ग्राही फार कमी भरले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम यांनी विजेचा झटका देणाऱ्या ईल माशाचे ग्राही सशांना टोचले. त्यांना फक्त प्रतिपिंडे हवी होती. ससे लुळे पडू लागले, आणि मायस्थेनियावरचे औषध दिल्यावर सावरले. आजार स्वतःच्याच प्रतिपिंडांमुळे होतो, ही कल्पना जॉन सिम्पसनने १९६० मध्येच मांडली होती. सशांनी ती खरी करून दाखवली. धोंडीकाकांच्या पापण्या ज्या जागी अडल्या त्याच जागी माझी अडते. त्यांच्यासाठी लस तेव्हाही मुंबईच्या हाफकिनमध्ये बनत होती, मेढ्यापर्यंत वेळेत पोचायची तेवढी राहिली.

निदान झाले म्हणजे पुरावा मिळाला असे नाही. प्रतिपिंडांची रक्तचाचणी माझ्या बाबतीत नकारात्मक आली, आणि पुन्हा तो जुना प्रश्न खोलीत येऊन बसला. आजार सर्व अंगात पसरलेल्या रुग्णांपैकी सुमारे ८५ टक्क्यांच्या रक्तात ही प्रतिपिंडे सापडतात, पण मुख्यत्वे डोळ्यांपुरता असेल तर साधारण निम्म्यांतच. मग योलीच्याच युक्तीची आजची आवृत्ती झाली: मज्जातंतूला सेकंदाला तीन या गतीने झटके देऊन स्नायूचा प्रतिसाद मोजणे. दहा टक्क्यांहून अधिक घट आली तर चाचणी सकारात्मक धरतात. माझी घट तेवढी नव्हती. शेवटी भुवईजवळच्या स्नायूत बारीक सुई घालून एकेका स्नायुतंतूची वेळ मोजणारी चाचणी केली. निरोगी माणसात शेजारचे दोन तंतू जवळजवळ एकाच वेळी उडतात, माझ्यात त्यांचा ताल चुकत होता आणि मधूनच एखादा ठोका गाळला जात होता. यंत्रातून तो आवाज ऐकू येतो. ठेका चुकलेल्या तबल्यासारखा तो मी पाऊण तास ऐकला, आणि इतका समाधानाने कोणी बेताल तबला ऐकला नसेल. छातीचे सीटी स्कॅनही झाले, कारण काही रुग्णांत छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत गाठ असते आणि ती काढावी लागते. माझ्याकडे ती नव्हती.

आता गोळी दिवसातून चारदा, शिवाय स्टेरॉइडचा लहान डोस, त्यामुळे हाडांसाठी आणि साखरेसाठी वेगळी धावपळ. प्रुफे सकाळी वाचते, अकराला थांबते, चारच्या गोळीनंतर पुन्हा तासभर. दोन दिसणे जवळजवळ गेले आहे. पर्समध्ये एक कागद असतो. त्यावर मला विचारल्याशिवाय देऊ नयेत अशा औषधांची नावे आहेत: सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि त्याच्या जातीची प्रतिजैविके, जेंटामायसिन, मॅग्नेशियमची इंजेक्शने, मलेरियावरचे क्लोरोक्विन आणि क्विनिन, रक्तदाबाच्या काही गोळ्या. दातांच्या डॉक्टरांनाही तो दाखवते. ते दर वेळी म्हणतात, "मागच्या वेळी पाहिला होता की," आणि मी दर वेळी पुन्हा दाखवते.

गेल्या उन्हाळ्यात साताऱ्याच्या एसटी स्टँडवर बाकावर एक गृहस्थ बसले होते, साठीचे असतील. हनुवटी वर, कपाळाला आठ्या, उजव्या डोळ्यावर रुमाल धरून ते गाडीवरची पाटी वाचत होते. संध्याकाळचे साडेसहा झाले होते. ओळख ना देख, पण मी जाऊन विचारले, "सकाळी बरं असतं का हो?" ते चमकले. सोबतच्या मुलाने पिशवीतून फाईल काढून दाखवली. तीन तपासण्या, तिन्ही सकाळी दहा ते अकराच्या दरम्यान, तिन्हींवर काही विशेष नाही असा शेरा. मी तिकिटाच्या मागे पुण्याच्या त्या वयस्कर नेत्रतज्ज्ञांचे नाव लिहून दिले आणि खाली लिहिले: संध्याकाळची वेळ घेणे, वाटेत डोळे मिटू नयेत.